'ताई, परीक्षा द्यायची गरज नाही': ब्रिटिश लायसन्सपायी १,२०५ पौंड गेले

आधी आकडे सांगते, नाहीतर लोक 'गेले असतील थोडेफार' म्हणून पुढे जातात. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स काढून देतो म्हणणाऱ्या एजंटला मी दिलेले: ११ डिसेंबर २०२४ ला १५० पौंड. १९ डिसेंबरला ६८,००० रुपये, म्हणजे साधारण ६३५ पौंड. १४ जानेवारी २०२५ ला ४२० पौंड. एकूण १,२०५. आणि सरळ मार्गाने गेले असते तर? प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) ऑनलाइन ३४, थिअरी परीक्षा २३, गाडी चालवून दाखवायची प्रॅक्टिकल परीक्षा ६२. एकशे एकोणीस पौंड फक्त. हा हिशेब रात्री झोप लागत नाही तेव्हा आपोआप डोक्यात सुरू होतो.

मी नर्स आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडला आले. काम घरोघर जाऊन पेशंट बघण्याचं. ड्रेसिंग, इन्सुलिन, कॅथेटर. गाडीशिवाय हे काम होत नाही. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, त्यानंतर नाही. भारताचं लायसन्स बदलून मिळत नाही, हे इथे आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही होतं. पण सतरा वर्षं मी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवलेली, एक चलान नाही, आणि इथे प्रॅक्टिकलच्या तारखा बघाव्यात तर जवळच्या सगळ्या केंद्रांवर पाच-सहा महिन्यांनंतरच्या. माझी मुदत दोन महिन्यांत संपणार होती. नोकरी गेली तर व्हिसा जातो. तुमची नोकरी कधी गाडीच्या किल्लीला टांगलेली नसेल, तर 'एवढं कसं कळलं नाही' हे मला विचारू नका.

त्या एजंटचा नंबर एका ओळखीच्या बाईंकडून आला. त्यांचाही दोष नाही, त्यांना तो दुसऱ्या कुणीतरी दिला होता. पहिल्याच फोनवर तो मराठीत बोलला. चांगलं, घरगुती मराठी. "ताई, तुम्ही कशाला टेन्शन घेता? परीक्षा द्यायची गरजच नाही. आपल्या माणसाला आपण फसवू का?" दहा महिने दिवसभर इंग्रजी ऐकून कान किटलेले असतात, तेव्हा असं कुणी 'ताई' म्हटलं की माणूस निम्मा तिथेच विरघळतो. त्याने पैसे मागायच्या आधी माझ्या बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली होती. हे मी विसरू शकत नाही.

योजना अशी: ज्या देशांचं लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतं, त्या अदलाबदलीच्या यादीत भारताचं नाव जानेवारीपासून येतंय, सर्क्युलर निघालंय, फक्त जाहीर व्हायचंय, आत्ता फाइल लावली तर पहिल्या गठ्ठ्यात काम होईल.

आता तो क्षण, ज्याच्यासाठी मला स्वतःचा सगळ्यात जास्त राग येतो. त्या रात्री मी सरकारी वेबसाइटवरची यादी उघडली होती. मोबाइलवर नाही, लॅपटॉपवर, नीट. ऑस्ट्रेलिया, बार्बाडोस, कॅनडा, हाँगकाँग, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, संयुक्त अरब अमिराती, झिम्बाब्वे. भारत नाही. दोनदा वरून खाली गेले. भारत नाहीच. आणि मी काय केलं? त्यालाच स्क्रीनशॉट पाठवला! चोराला विचारलं, तू चोर आहेस का? त्याचं उत्तर दोन मिनिटांत: "ताई, वेबसाइट अपडेट व्हायला वेळ लागतो. तुम्ही नर्स आहात, तुमच्या वॉर्डमध्ये नवा प्रोटोकॉल आधी येतो की पोस्टर आधी लागतं?" मला ते पटलं, कारण वॉर्डात खरंच तसंच होतं. मी लॅपटॉप मिटला. समोर लिहिलेलं होतं, मला वाचता येत होतं, आणि मी तो मिटला.

पुढच्या खुणाही कमी नव्हत्या. प्रोव्हिजनल काढू का, असं मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्याने घाईघाईने नको म्हटलं, "फाइल क्लॅश होईल." आता कळतं का ते. प्रोव्हिजनलवर जो नंबर येतो तोच पुढे फुल लायसन्सवर राहतो. माझ्याकडे प्रोव्हिजनल असतं तर त्याचं खोटं कार्ड पाकिटातून काढताक्षणी उघडं पडलं असतं. कुणी प्रोव्हिजनल काढू नका म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. उलट आल्याआल्या पहिल्या महिन्यात काढा. बारा महिन्यांच्या आत भारतीय लायसन्सवर एकट्याने गाडी चालवता येते, त्याला प्रोव्हिजनलची अडचण नसते.

दुसरं, त्याने माझ्या लायसन्सचा फक्त फोटो घेतला. ज्या देशांची अदलाबदल खरंच होते त्यांना मूळ लायसन्स स्वॉन्झीला डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या लायसन्सच्या सरकारी खात्याकडे, पोस्टाने पाठवावं लागतं, फी ४३ पौंड. मूळ कार्ड न मागता नवं कार्ड देणारा माणूस कसली अदलाबदल करतोय?

तिसरं, ४२० पौंड पाठवताना बँकेच्या अ‍ॅपने स्पष्ट दाखवलं की खात्यावरचं नाव जुळत नाही. त्याने सांगितलं, अकाउंटंटचं खातं आहे. मी पुढे गेले.

आणि रुपये. "मधला हप्ता भारतात द्या ताई, कन्व्हर्जनमध्ये तुमचेच पैसे वाचतील." मी बाबांना सांगितलं. त्यांनी पेन्शनच्या खात्यातून ६८,००० पाठवले, काहीही न विचारता. मुलगी सांगते म्हणजे बरोबरच असणार.

जानेवारीच्या शेवटी कार्ड आलं. गुलाबी, माझा फोटो, कडेला चमकणारं होलोग्रामसारखं काहीतरी. मी ते आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मुदत संपल्यानंतर साडेचार आठवडे मी त्या कार्डाच्या भरवशावर पेशंटकडे जात होते. म्हणजे लायसन्सशिवाय, आणि पर्यायाने विम्याशिवाय. कुणाला धडक बसली असती तर काय झालं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

१२ मार्चला ऑफिसने सगळ्यांकडून चेक कोड मागितला, म्हणजे लायसन्सची सरकारी नोंद ऑफिसला बघता येईल असा कोड. सरकारी साइटवर लायसन्स नंबर, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पोस्टकोड टाकला की कोड मिळतो, तो २१ दिवस चालतो, फुकट आहे. मी टाकलं. नोंद सापडत नाही. पुन्हा टाकलं. तेच. त्याला फोन केला तर म्हणाला, डेटाबेसला आठ आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद. एजंटकडून कार्ड घेतलेलं असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी ती साइट उघडा.

मॅनेजरने कार्ड हातात घेतलं, नंबरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "तुझा जन्म कुठल्या महिन्यातला?" जुलै. ब्रिटिश लायसन्सचा नंबर सोळा अक्षरी असतो. आधी आडनावाची पाच अक्षरं, मग जन्मवर्षातला दशकाचा आकडा, मग महिना. बाईचं लायसन्स असेल तर महिन्याच्या पहिल्या आकड्यात पाच मिळवतात. जुलै म्हणजे माझ्या कार्डावर ५७ हवं होतं. होतं ०७. त्या माणसाने मला पुरुष करून ठेवलं होतं आणि मी सहा आठवडे ते कार्ड पर्समध्ये जपत होते.

आता पुढचं ऐका, कारण खरा संताप इथे आहे.

पोलिसांकडे जायचं म्हणजे स्वतःच खोटं लायसन्स हातात धरून जायचं. खोटं ओळखपत्र जवळ बाळगणं हा इथे गुन्हा आहे. एका वकिलाच्या मोफत सल्ल्यानंतर, सगळे मेसेज छापून घेऊन मी गेले. काउंटरवरच्या माणसाने अकरा मिनिटांत ऑनलाइन तक्रार करायला सांगितलं. ऑनलाइन केली. क्रमांक मिळाला. सात आठवड्यांनी ईमेल: तपासासारखं काही आढळत नाही. त्याचा नंबर दिला, खात्याचा क्रमांक दिला, कार्ड आलेल्या पाकिटावरचा शिक्का दिला. अजून काय द्यायचं होतं?

बँकेची तऱ्हा वेगळी. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की फसवून स्वतःच्या हाताने पाठवायला लावलेले पैसे बँकेने परत करायचे, ८५,००० पौंडांपर्यंत, आणि तक्रार तेरा महिन्यांच्या आत करायची. मला वाटलं, इथल्या खात्यातून पाठवलेले १५० आणि ४२०, मिळून ५७० तरी परत येतील. बँक म्हणते, तुम्हाला नाव जुळत नसल्याचं दाखवलं होतं. दर वेळी नवा माणूस फोनवर, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची, आणि दर वेळी तोच प्रश्न: तुम्हाला संशय आला नाही का? चौथ्या वेळी मी फोनवर रडले. समोरच्याने मला होल्डवर ठेवलं. शेवटचं नकाराचं पत्र आलं की सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं, मी गेले आहे. तुम्हीही जा, त्याला पैसे पडत नाहीत.

ते ६८,००० मात्र या नियमात बसतच नाहीत. नियम फक्त ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये पाठवलेल्या पैशांना. भामट्याला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर मधला आणि सगळ्यात मोठा हप्ता भारतात. पैसे देशाबाहेर मागणारा माणूस तुमचं कन्व्हर्जन वाचवत नसतो.

इथले म्हणाले, पैसे भारतात गेले, तिकडे तक्रार करा. ऑनलाइन अर्जाला ओटीपी हवा भारतीय नंबरवर, माझं सिम कधीच बंद झालेलं. मग बाबा गेले. वय ७१, गुडघ्याचं दुखणं, चौकीत साडेतीन तास बाकावर. साहेब जेवायला गेलेत, साहेब बंदोबस्तावर आहेत. शेवटी जो भेटला तो म्हणाला, "काका, लायसन्स इंग्लंडचं, मुलगी इंग्लंडला, गुन्हा तिकडे घडला. आम्ही काय करणार?" पण पैसे तुमच्याच शहरातल्या खात्यात गेलेत ना! बाबांनी पासबुकाची नोंद दाखवली. त्याने ती बघितलीही नाही. दुसऱ्या फेरीत साधा अर्ज घेतला. पैसे गेल्याचं पहिल्या काही तासांत कळलं तर भारतात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम गोठवण्याची शक्यता तेव्हाच असते. आम्हाला कळलं तोवर जवळजवळ तीन महिने झाले होते.

सध्या मी ऑफिसात बसून फोन घेते, घरभेटी बंद. प्रोव्हिजनल काढलं, त्यावर ५७ आहे. थिअरी झाली, पन्नासपैकी ४८. पास व्हायला ४३ लागतात. दुसरा भाग रस्त्यावरचे धोके ओळखायच्या चौदा व्हिडिओंचा, ७५ पैकी ४४ हवेत, तिथे पहिल्या वेळी गडबडतात लोक, सराव करून जा. एक सहकारी रविवारी शेजारी बसते, गाडीला एल लावून. तिच्याकडे तीन वर्षांपेक्षा जुनं लायसन्स आहे, तेवढं लागतंच. प्रॅक्टिकलची तारीख दीड तासावरच्या केंद्रावर मिळाली, ६२ पौंडांत, सरकारी साइटवरून. डिसेंबरात हाच मार्ग धरला असता तर एव्हाना मी घरभेटींवर असते.

बाबांचा अर्ज अजून 'चौकशीवर' आहे. पहिल्या फेरीत त्यांना पोच मिळाली नव्हती. दुसऱ्या वेळी शिक्का मारून घेतल्याशिवाय ते बाकावरून उठले नाहीत. तुमच्या घरच्यांना जावं लागलं तर अर्जाच्या दोन प्रती द्या आणि पोच घेतल्याशिवाय चौकीतून बाहेर पडू नका म्हणावं.