शाळेच्या बांधकामाला पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) नेमताय? त्याच्या "समाधान फॉर्म"वर सही करण्याआधी हे वाचा

सातारा जिल्ह्यातली आमची छोटी शिक्षण संस्था, माजी विद्यार्थ्यांची वर्गणी आणि थोडं कर्ज काढून वरचा मजला चढवायला घेतला, कमिटीत सगळे मास्तर नाहीतर शेतकरी, बांधकामातलं कळणारं कोणीच नाही म्हणून आपल्या वतीने कामावर लक्ष ठेवायला पीएमसी नेमला. नाव घेत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे. फी खर्चाच्या टक्क्यावर, म्हणजे खर्च फुगला की त्याची फी पण फुगणार, पण सगळे असंच घेतात म्हणे.

माणूस बोलायला एकदम गोड. दर आरए बिलाला (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणारं बिल) चहा-वडापाव आणि सोबत एक कागद, ग्राहक समाधान फॉर्म. "आमच्या रेकॉर्डला लागतो सर, बाकी काही नाही." दर्जा, वेळ, वागणूक, सगळीकडे "उत्तम"वर टिक, खाली चेअरमनसाहेबांची सही आणि संस्थेचा शिक्का. एमबी, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची वही, मागितली की ती कायम "ऑफिसला आहे".

पहिल्याच पावसात वर्गात पाणी, बीमच्या तळाला सळई उघडी. माझा भाचा सिव्हिल इंजिनियर, त्याने फाईल चाळली आणि हसायलाच लागला. स्लॅब पडला ५ एप्रिलला आणि क्यूबचा (ताकद तपासायला त्याच काँक्रीटचा भरलेला ठोकळा) २८ दिवसांचा टेस्ट रिपोर्ट १९ एप्रिलचा! चौदाव्या दिवशी २८ दिवसांची ताकद मोजली कोणी? सळईचं पण तेच, १२ एमएमची सळई मीटरला साधारण ८८८ ग्रॅम भरते, ड्रॉइंगवरून लांबी काढून गुणलं तर वेस्टेज धरूनही बिलातलं वजन कितीतरी जास्त. वर ठेकेदार निघाला पीएमसीचाच साडू, हे अख्ख्या बाजारपेठेला माहीत, फक्त कमिटीला नाही.

शेवटचं बिल अडवलं तर नोटीस आली आणि नोटिशीला ते सगळे फॉर्म जोडलेले, "आपण वेळोवेळी कामाबद्दल समाधान व्यक्त केलेले आहे". वडापाव चांगलाच महागात पडला म्हणायचा.

तर फी ठरीव रकमेत ठरवा, टप्प्याटप्प्याने द्या. प्रत्येक बिलासोबत एमबीची कॉपी घ्या, नसेल तर बिल परत. क्यूब भरताना संस्थेचा माणूस तिथे हजर पाहिजे, तारीख क्यूबवरच लिहायची आणि लॅबला आपणच न्यायचे. रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत कितीही गोड बोलला तरी सोडू नका. आणि फॉर्मवर सही करावीच लागली तर वकिलाने आम्हाला आता सांगितलेलं वाक्य सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, "मोजमाप व टेस्ट रिपोर्टच्या तपासणीच्या अधीन राहून".