सिफू : सात महिने मार खाऊन झाल्यावर

पहिल्या रात्री मी 20 वर्षांचा होतो. तासाभरात 65चा झालो, आणि अजून पहिलीच लेव्हल चालू होती. केस पांढरे, दाढी पांढरी, समोर काठी घेऊन उभा असलेला कुणीतरी किरकोळ गुंड. त्यानेच पुन्हा लोळवलं. कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि म्हटलं, हे आपलं काम नाही.

याला आता सात महिने झाले. गेम अजून कन्सोलवर आहे, म्हणून लिहायला बसलो.

'सिफू' हा कुंग-फू मारामारीचा व्हिडिओ गेम पॅरिसच्या स्लोक्लॅप या छोट्या स्टुडिओने बनवलाय. 8 फेब्रुवारी 2022 रोजी तो प्लेस्टेशन आणि पीसीवर आला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्विचवर आणि मार्च 2023मध्ये एक्सबॉक्सवर. मी प्लेस्टेशन 5वर खेळतो, डिस्क सेकंडहँड घेतलेली. गोष्ट चार ओळींची आहे. कुंग-फू शिकवणाऱ्या बापाचा त्याचाच जुना शिष्य खून करतो, सोबत चार साथीदार. लेकरू लपून बघत असतं. आठ वर्षांनी ते लेकरू (मुलगा की मुलगी, हे आपण निवडायचं) एकेकाला शोधत निघतं. पाच माणसं, पाच लेव्हल.

माझ्या वयाच्या लोकांना हा प्रकार नवा नाही. कॅपकॉमचा 1993चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' आठवतोय? ते नाव कुणी घेतच नसे, आमच्यासाठी तो नुसता 'मुस्तफा'. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकायचं, टोपीवाल्या मुस्तफाची उडती लाथ घालत सुटायचं, मेलो की दुसरं नाणं. ज्याच्या खिशात नाणी जास्त तो पुढे जाणार, एवढंच कौशल्य. सिफूच्या नायकाच्या ताईतातही पाच नाणीच आहेत. मेलात की ताईत उठवतो, पण किंमत वयातून वसूल करतो. पहिल्या मरणाला एक वर्ष, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. म्हणजे 20, 21, 23, 26, 30, 35, 41, 48. माझं वय 43. त्याने मला कधी मागे टाकलं ते कळलंसुद्धा नाही. दर दहा वर्षांनी एक नाणं फुटतं. वय वाढलं की अंगातली ताकद घटते, म्हणजे कमी फटक्यांत आडवे होता, पण तुमचा फटका जास्त लागतो. सत्तरी ओलांडली की पुढचं मरण शेवटचं.

कल्पना झकास आहे, पण तिचं कौतुक जरा जास्तच झालंय असं माझं मत. म्हातारा नायक वेगळा लढत नाही. तेच डावपेच, तोच वेग, फक्त केस पांढरे आणि आकडे बदललेले. साठीचा माणूस कमी हालचालीत काम उरकतो, हे कुठेतरी दिसायला हवं होतं.

खरं सोनं हाणामारीत आहे. तिसऱ्या आठवड्यात भाचा आला होता. पाच मिनिटं माझा खेळ बघून म्हणाला, "मामा, तू नुसती बटणं बडवतोयस. समोरचा काय करतोय ते बघतच नाहीस." लागलं, पण खरं होतं. इथे तुमच्या आणि शत्रूच्या, दोघांच्याही तोलाची एक पट्टी असते. ती भरली की तोल जातो आणि एका झटक्यात निकाल लागतो. नुसता हात आड धरून उभे राहिलात तर तुमचीच पट्टी भरत जाते. वार नेमक्या क्षणी परतवला तर समोरच्याची भरते. तिसरा मार्ग म्हणजे बटण दाबून धरायचं आणि वार डोक्यावर येतोय की पायावर ते ओळखून झुकायचं किंवा उडी मारायची. हे शेवटचं जमायला मला दोन महिने लागले. जमलं त्या दिवशी दुसऱ्या लेव्हलमधल्या क्लबच्या डान्स फ्लोअरवर सात-आठ जणांच्या मधून एकही फटका न खाता निघालो आणि रात्री साडेअकराला एकटाच टाळ्या वाजवल्या. हातात बाटली, बॅट, झाडू जे येईल ते. पायाजवळचं स्टूल लाथेने सरकवून धावत येणाऱ्याला पाडण्यात जी मजा आहे ती मुस्तफाच्या सगळ्या लाथांत मिळून नव्हती.

या मारामारीला सिनेमाचं रूप आलंय ते हालचालींमुळे. पाक मेई ही खरी कुंग-फू शैली तिच्या मुळाशी आहे आणि तिचे शिक्षक बेंजामिन कोलुसी यांनी ती बसवायला मदत केली. वार आखूड आहेत, कोपर अंगाजवळ, उगाच गिरक्या नाहीत. पहिल्या लेव्हलमधल्या अरुंद बोळात कॅमेरा एकदम बाजूला जातो आणि सगळी मारामारी आडव्या चित्रासारखी पुढे सरकते. म्युझियममधली लेव्हल तर मी कधीकधी न लढता नुसती बघत उभा राहायचो. तिथली बॉस, म्हणजे लेव्हलच्या शेवटी गाठ पडणारी मुख्य शत्रू, कुरोकी पुढे तुम्हाला हेडफोन लावून मार खायला लावेल. हो, हेडफोन लावाच, हाउई ली या बीजिंगच्या संगीतकाराचं काम टीव्हीच्या स्पीकरवर वाया जातं.

आणि हाच सिनेमा अंगावरही येतो. कॅमेरा नायकाच्या खूप जवळ ठेवलाय. मोकळ्या जागेत छान दिसतं, पण पाठ भिंतीला लागली की पडद्यावर अर्धी भिंत, अर्धी पाठ आणि कुठूनतरी आलेली लाथ. जो गेम 'समोरचा बघ' असं शिकवतो, त्यानेच समोरचा झाकावा? टॉवरच्या लेव्हलमध्ये मी कितीतरी वर्षं अशी फुकट घालवलीत. शेवटी उपाय एकच सापडला, कोपऱ्यात जायचंच नाही.

दुसरी कटकट पुन्हा पुन्हा मागे जाण्याची. प्रत्येक लेव्हलला तुम्ही कमीत कमी ज्या वयात पोचलात तिथून सुरुवात होते. क्लब 50व्या वर्षी संपवलात तर पुढचं सगळं पन्नाशीतच, नाहीतर मागे जाऊन तरुणपणी संपवा. किल्ल्या मिळून जवळच्या वाटा उघडतात, पण बॉसपर्यंत पळत गेलात तर वाटेतले गुण आणि देव्हाऱ्यांतली बक्षिसं बुडतात. शिकलेला डावही कायमचा हवा असेल तर एकदा घेऊन झाल्यावर आणखी पाच वेळा त्याचे गुण मोजायचे. संसार सांभाळून आठवड्यात चार तास मिळणाऱ्याला हे जड जातं. मे 2022च्या अपडेटमध्ये सोपी पातळी आली. मी आधी मिजाशीत ती घेतली नाही, मग कुरोकीपाशी दोन आठवडे अडकल्यावर गुपचूप घेतली, हात बसल्यावर मधल्या पातळीवर परत आलो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, डाव तेच शिकायला मिळतात. मार्च 2023मध्ये एरिना आले, म्हणजे गोष्ट बाजूला ठेवून नुसती आव्हानं. वीस मिनिटं मोकळी असतील तर हल्ली तेच लावतो.

गोष्टीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पाचही खलनायकांची दुःखं फोटो आणि चिठ्ठ्यांमधून कळतात, नायकाच्या मनात काय चाललंय ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही. एक गोष्ट मात्र मानली. (शेवट कळायला नको असेल तर हा परिच्छेद सोडा.) बॉसला मारण्याची खूण पडद्यावर आली तरी हात आवरायचा, त्याला पुन्हा उभा राहू द्यायचं, पुन्हा तोल घालवायचा, मग जीवदान देता येतं. पाचही जणांना असं सोडलंत तर शेवट वेगळा. ऐकायला सोपं वाटतं. मी फजारला, म्हणजे पहिल्याच बॉसला, चार वेळा चुकून मारला. खूण दिसली की अंगठे आपोआप जातात, पार्लरमधली सवय.

पहिला शेवट मी 61व्या वर्षी पाहिला. जीवदानाच्या वाटेवर आता चौघे सोडून झालेत. यांगपाशी, म्हणजे बापाला मारणाऱ्या त्या जुन्या शिष्यापाशी, पोचतो तेव्हा 39चा असतो. भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत येऊन त्याला 25व्या वर्षी सोडला आणि कंट्रोलर माझ्या हातात देत म्हणाला, "मामा, तुझ्याकडे अजून चार नाणी आहेत की."