अंगठ्याने वळायचं की पायांनी? दृष्टिहीन मुलांसाठी मोबाइल खेळ निवडताना

दिशा शिकवायला मोबाइलवरचे ध्वनिखेळ, म्हणजे फक्त आवाज ऐकून खेळायचे खेळ, वापरायचे, एवढं तुमचं ठरलं असेल, तर पुढचा प्रश्न असा: पडद्यावर बोट सरकवून वळायचे खेळ घ्यावेत, की फोन छातीशी धरून आपण फिरलो की आवाजांच्या जागा बदलतात, असे? बडोद्यात आमच्या मुलांबरोबर मी दोन्ही वापरले.

पहिल्या प्रकारची सोय मोठी. बाकावर बसून खेळता येतं, गोष्टीत मुलं रमतात आणि नकाशाही डोक्यात बसतो. संशोधक लोट्फी मेराबेत आणि चिलीचे हायमे सांचेझ यांच्या २०१२च्या अभ्यासात अंध व्यक्तींनी संगणकाची बटणं दाबत, हिरे गोळा करत एका खऱ्या इमारतीची रचना शिकून घेतली. मग त्याच इमारतीत प्रत्यक्ष वाट काढली आणि जवळच्या वाटाही शोधल्या.

मला खटकलं ते जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या मांडवीला. तिथून चार दिशांना चार दरवाजे: पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. धड्यासाठी याहून चांगली जागा नाही. एका मुलाला म्हटलं, "लहेरीपुऱ्याकडे पाठ आहे तुझी, आता चांपानेरकडे वळ." "वळलो की, सर!" दिशा अचूक, डावी. पण पाय पाणीगेटकडेच. काठीच्या मुठीवर अंगठा तेवढा डावीकडे सरकला होता. ती सवय मोडण्यात आमचा अख्खा पावसाळा गेला.

दुसऱ्या प्रकारात हे होत नाही. शिवाय कानाला समोरचा आणि पाठीमागचा आवाज कधी कधी सारखाच वाटतो. फोनसकट अंग थोडं फिरवलं की फरक कळतो. हे अंग फिरवणं मुलं आपोआप शिकतात. त्रास आहेतच. जागा लागते, हेडफोनची वायर अंगाभोवती गुंडाळते आणि लोखंडी कपाटाजवळ फोनचं होकायंत्र भरकटतं. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो, म्हणून वायर सहन करावी लागते.

माझा अनुभव मोजक्या मुलांचा आहे. बुजणाऱ्या, नव्या मुलाला पहिले काही दिवस बसून खेळू द्यायला माझी हरकत नाही. पण महिनाभर नको. रस्त्यावर मात्र दोन्ही बंद, कान मोकळे. आमच्याकडे आता तासाआधी मुलंच बाकं भिंतीला सरकवून ठेवतात.