महिना ६९ रुपयांचं होस्टिंग आणि 'फ्री' डोमेन: पैसे भरण्याआधी हे वाचा

देवगडला आमची हापूसची बाग आहे. सगळा माल वाशीला पाठवून दलाल सांगेल तो भाव घेण्यापेक्षा निम्म्या पेट्या तरी थेट गिऱ्हाइकाला द्यायच्या, म्हणून दादा-वहिनींनी वेबसाइट काढली. त्यासाठी होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर (सतत चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर) भाड्याची जागा, आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घ्यावं लागतं. मी पुण्यात असतो, त्यामुळे कॉम्प्युटरची बाजू माझ्याकडे आली. त्यात आमची जी फसवणूक झाली ती इथे सविस्तर लिहितोय, कारण अशीच जाहिरात बघून आज कितीतरी छोटे धंदेवाले पैसे भरतायत. तक्रार चालू आहे, म्हणून विकणाऱ्याचं नाव देत नाही. हे असं करणारा तो एकटा नाही.

जाहिरातीत लिहिलं होतं: महिना ६९ रुपये, अनलिमिटेड जागा, अनलिमिटेड बँडविड्थ (साइटवरून किती डेटा ये-जा करू शकतो ते प्रमाण), रोजचा बॅकअप, डोमेन फ्री. विकणारा रिसेलर होता, म्हणजे मोठ्या कंपनीकडून सर्व्हरची जागा घाऊक घेऊन किरकोळीने विकणारा. ६९चा भाव चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. ते झाले ३,३१२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ३,९०८. मुदत संपल्यावर दर महिना २४९ होणार, हे बारीक अक्षरांत होतं. तरीही चार वर्षांसाठी ही रक्कम कमीच, म्हणून डिसेंबरात पैसे भरले. भरण्याआधी एक गोष्ट मात्र मी खोदून विचारली होती: डोमेन कोणाच्या नावावर राहणार? "सर, ते तुमचंच आहे, बिनधास्त राहा." व्हॉट्सॲपवरही त्याने हेच लिहून दिलं.

पाडव्याच्या सुमारास बुकिंग उघडलं आणि साइट अडखळायला लागली. वहिनीने जुन्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकली की बरीच माणसं एकदमच उघडायची, आणि त्यांना दिसायचं पांढरं पान आणि '५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड' एवढी एक ओळ. काहींचे यूपीआयने पैसे गेले पण ऑर्डर नोंदलीच नाही. असे फोन दिवसभर घेताना वहिनी रडकुंडीला आली होती.

मी सीपॅनेल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पान, उघडलं. उजव्या बाजूला आकड्यांचा रकाना असतो. डिस्क आणि बँडविड्थपुढे अनंताची खूण, आडवा आठ. आपली नजर तिथेच थांबते. त्याच रकान्यात खाली लाल रंगात होतं: एन्ट्री प्रोसेसेस २०/२०, सीपीयू (सर्व्हरची काम करण्याची ताकद) १०० टक्के. त्याच्याही खाली आयनोड्सची मर्यादा, अडीच लाख. आयनोड म्हणजे साधारण एक फाइल किंवा फोल्डर. जागा अनलिमिटेड म्हटली तरी फाइल्सची संख्या मोजलेली असते, आणि ईमेलच्या खात्यातला एकेक मेलही त्यात धरला जातो. एन्ट्री प्रोसेसेस म्हणजे एकाच क्षणी साइटच्या किती विनंत्यांवर काम चालू राहू शकतं तो आकडा. एरवी पान पटकन तयार होतं, तेव्हा वीस पुरेसे असतात. ऑर्डर घेणारं पान डेटाबेसशी बोलतं, त्याला वेळ लागतो, आणि मग एकविसाव्या माणसाला ५०८ दिसतं.

हे समजल्यावर माझा खरा संताप त्या 'अनलिमिटेड' शब्दावर झाला. एका सर्व्हरवर शेकडो साइट्स असतात, एकाने सगळी ताकद खाल्ली तर बाकीच्या बंद पडतील, म्हणून मर्यादा हवीच. त्यात गैर काही नाही. पण ती पैसे घेण्याआधी सांगायला हवी. तीस दिवसांत पैसे परत मिळण्याची हमी होती खरी, पण डिसेंबरात घेतलेल्या होस्टिंगचा कस लागणार पाडव्याला. तोवर ती मुदत कधीच उलटून गेलेली असते.

ऑर्डर पोचल्याचे मेलही स्पॅममध्ये जात होते. आमच्याच आयपीवर (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावर) बसलेल्या दुसऱ्या कोणाच्या साइटवरून स्पॅम सुटत होता आणि तो आयपी काळ्या यादीत गेला होता. शेअर्ड होस्टिंगमध्ये, म्हणजे एकच सर्व्हर अनेकजण वाटून वापरतात तिथे, शेजारी आपण निवडत नाही.

इथवरचं सगळं स्वस्त मालाची मर्यादा म्हणून सोडून दिलं असतं. फसवणूक पुढे झाली. आम्ही दुसरीकडे जायचं ठरवलं आणि डोमेनचा ट्रान्सफर कोड (डोमेन दुसरीकडे हलवायला लागणारा परवलीचा शब्द) मागितला, तेव्हा रिसेलर म्हणाला, "डोमेन आमच्या कंपनीचं आहे. हवं असेल तर पंधरा हजार ट्रान्सफर चार्जेस." आयकॅन ही डोमेनचे नियम ठरवणारी जागतिक संस्था. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या तिच्या लुकअप पानावर नाव टाकून पाहिलं. रजिस्ट्रंटच्या, म्हणजे डोमेनधारकाच्या, पुढे त्याच्याच फर्मचं नाव. डॉट कॉम डोमेन वर्षाला हजार-दीड हजारात मिळतं. आयकॅनच्या नियमाप्रमाणे डोमेनधारकाने मागितल्यावर रजिस्ट्रारने (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीने) पाच दिवसांत कोड द्यायचा असतो, पण तो धारकाला. कागदोपत्री धारक होता तो. आम्ही रजिस्ट्रारला मेल केला, उत्तर आलं की खातेदाराशी बोला.

आणि तो पत्ता आमच्या पेट्यांवर छापलेला होता. हंगामाच्या सगळ्या खोक्यांवर. रिसेलरला ते माहीत होतं, आमच्या साइटवरच्या फोटोत खोकी दिसतात. अक्षय्य तृतीया तोंडावर असताना त्याने रक्कम सांगितली, आणि ती त्या वेळी आमची किती कोंडी आहे हे बघूनच सांगितली असं माझं ठाम मत आहे. दादाने पैसे दिले नाहीत. नवं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं, स्टिकर छापले आणि मुलांनी रात्री बसून खोक्यांवर चिकटवले.

बॅकअपही त्याच सर्व्हरवर ठेवलेला निघाला. मार्च २०२१मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबर्ग शहरात एका मोठ्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा तोही गेला. तेव्हा महिन्यातून एकदा तरी फाइल्स आणि डेटाबेस आपल्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

आता प्रश्न, स्वस्त शेअर्ड होस्टिंग घ्यावंच का? घ्यावं, काम तेवढं असेल तर. गावचं वाचनालय, दवाखान्याच्या वेळा, शाळेची माहिती, एखाद्याच्या कविता, यांना ते पुरून उरतं. सर्व्हरची देखभाल दुसरा कोणी करतो, वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर दोन क्लिकमध्ये चढतं, साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं फुकट मिळतं. (त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर आधी कारण विचारा.) व्हीपीएस (सर्व्हरचा फक्त आपल्यासाठी राखलेला भाग) घ्या असा सल्ला सगळे देतात, पण तिथे अपडेट, सुरक्षा, मेल, सगळं आपल्या अंगावर येतं, आणि बागेत फवारणी चालू असताना ते कोण बघणार? आम्ही शेवटी मधला मार्ग घेतला: माहितीची पानं साध्या होस्टिंगवर, ऑर्डर आणि पैसे वेगळ्या तयार सेवेवर. गेला हंगाम तसा नीट पार पडला.

डोमेन मात्र होस्टिंगवाल्याकडून फुकट घेऊ नका. ते वेगळं, थेट रजिस्ट्रारकडून, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर घ्या. खात्याला ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा नको, कारण साइट बंद पडली की तो मेलही बंद आणि पासवर्ड बदलायची वाटही बंद. नवं डोमेन पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आधीच कोणाकडून घेतलं असेल तर आज लुकअप करून बघा. गोपनीयतेमुळे नाव झाकलेलं दिसलं तर रजिस्ट्रारच्या खात्याचं लॉगिन मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली की समजा काहीतरी गडबड आहे.

अडकलाच असाल तर बिलं, चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, विकणाऱ्याच्या गावाला जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आमच्या रिसेलरने उत्तरात लिहिलंय की ही व्यावसायिक खरेदी, त्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला केलेली ही खरेदी व्यावसायिक धरता येणार नाही, असं दादाने आपल्या म्हणण्यात मांडलंय. रिसेलरचं ते "तुमचंच आहे" व्हॉट्सॲपवर होतं, त्याची प्रिंट सोबत जोडली आहे.