जाळी बर्मेस्टरची, आत स्पीकर जुनेच

मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी अशी गाडी ज्यांच्याकडे आहे आणि कंपनीची साधी साउंड सिस्टीम काढून भारीतली बसवायचा विचार चाललाय, त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं. माझे 1 लाख 85 हजार रुपये गेलेत, आणि ज्या दुकानात गेले तिथे तोच माल आजही विकला जातोय.

गाडी 2018 सालची सी-क्लास, डब्ल्यू205 म्हणतात त्या पिढीतली, सेकंडहँड घेतलेली. या पिढीत काही गाड्यांना बर्मेस्टरची सिस्टीम यायची, काहींना साधी. बर्मेस्टर ही बर्लिनची कंपनी, 1977 पासून उंची ऑडिओ बनवणारी. सी-क्लासमधली तिची सिस्टीम 13 स्पीकर आणि 590 वॅटची. माझी गाडी साधीवाली. मी लहानपणापासून गाणं शिकलेय, पुणे-नाशिक जाणं-येणं सतत असतं आणि गाडीत बहुतेक वेळ शास्त्रीयच चालू असतं. साध्या सिस्टीमवर तानपुऱ्याची जवारी गढूळ व्हायची, डग्ग्याचा घुमारा पोकळ लागायचा. त्यासाठीच पैसे बाजूला टाकले होते.

पुण्यातल्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. केस चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. मालक म्हणाला, "मॅडम, ओरिजिनल बर्मेस्टर किट आहे, थेट जर्मनीचा माल. प्लग अँड प्ले. एकही वायर कापत नाही, त्यामुळे वॉरंटीचं टेन्शन नाही." खोकी दाखवली, त्यावर होलोग्राम होते. एक लाख ॲडव्हान्स यूपीआयनं दिले, उरलेले गाडी ताब्यात घेताना. यूपीआयला नाव दुकानाचं नव्हतं, त्याच्या भावाचं होतं. बिल म्हणून लेटरहेडवर हातानं लिहिलेला कागद मिळाला: बर्मेस्टर फुल किट, 8 इंची डोअर वूफर दोन, मिड चार, ट्वीटर दोन, ॲम्प 1200 वॅट. (वूफर म्हणजे खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर, मिड मधल्या आवाजाचा, ट्वीटर वरच्या बारीक आवाजाचा; ॲम्प म्हणजे आवाजाला ताकद देणारा ॲम्प्लिफायर.) जीएसटी नंबर कुठेही नाही. पक्कं बिल मागितलं तर "पोर्टल बंद आहे, उद्या व्हॉट्सॲप करतो". ते आजतागायत आलेलं नाही.

गाडी मिळाली तेव्हा देखणी दिसत होती, हे मान्य करायलाच हवं. चारही दारांवर बारीक भोकांच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या जाळ्या, त्यावर बर्मेस्टरचं नाव कोरलेलं, आरशाजवळचे ट्वीटर रात्री निळसर उजळणारे. डेमोही खणखणीत झाला.

त्या डेमोत काय केलं होतं ते नीट समजून घ्या, कारण हे कुठल्याही दुकानात करता येतं. तेच गाणं थोडं मोठ्यानं लावलं की माणसाच्या कानाला ते जास्त चांगलं वाटतं. फरक अगदी जरासा असला तरी कान फसतो, जाणकाराचाही. त्याशिवाय गाडीच्या स्क्रीनवर साउंडच्या मेनूत जाऊन त्यांनी बेस आणि ट्रेबल शेवटच्या टोकाला नेऊन ठेवले होते. बाजारातल्या गर्दीत, एसी चालू असताना, दोन-तीन मिनिटं ऐकलं तर हा आवाज भरदार वाटतोच.

हायवेवर रात्री शांतपणे ऐकायला लागले तेव्हा तानपुरा कानाला टोचत होता. षड्जाच्या तारेच्या जागी नुसती करकर. मेनू उघडला, दोन्ही पट्ट्या टोकाला दिसल्या. शून्यावर आणल्या आणि आवाज जसाच्या तसा जुना झाला. तोच गढूळपणा, तोच पोकळ डग्गा. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन करून काढलेले जुने स्पीकर परत मागितले. "ते तर स्क्रॅपला गेले मॅडम." आठ-दहा हजारांना सहज विकला जाणारा मर्सिडीजचा सुटा माल कोणी स्क्रॅपला टाकेल का?

मग चिंचवडला एका ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्यानं डोअर पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या, क्लिपा काढल्या, पॅड उलटा केला आणि म्हणाला, "ताई, हे बघा. फक्त जाळी बदललीय." चकचकीत जाळीमागे गाडीबरोबर कंपनीतून आलेला स्पीकर होता, त्यावर ए205नं सुरू होणारा मर्सिडीजचा पार्ट नंबर, कपलरवर (वायर जोडायच्या प्लगवर) मूळची धूळ. तो कपलर कधी निघालेलाच नव्हता. या जाळ्या ऑनलाइन सुट्या मिळतात, सजावटीचा माल म्हणून. त्यांचा आवाजाशी काही संबंध नाही.

आता त्या हातबिलातली '8 इंची डोअर वूफर' ही ओळ घ्या. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा पुरावा हीच ओळ आहे. डब्ल्यू205 सी-क्लासमध्ये बेसचे वूफर दारात नसतातच. मर्सिडीज त्याला फ्रंटबेस म्हणते: वूफर पुढे पाय ठेवतो तिथे, गाडीच्या सांगाड्यातल्या पोकळीचा डबा म्हणून वापर करून बसवलेले. दारात लहान मिडरेंज स्पीकर असतो आणि तिथे आठ इंची गोल बसायला जागाच नाही. जे बसूच शकत नाही त्याचे पैसे त्यांनी बिलात लावले. तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वूफरची जागा आधी शोधून ठेवा आणि दुकानदाराला साधा प्रश्न विचारा, "या गाडीत वूफर कुठे असतो?" अडखळला तर तिथूनच मागे फिरा.

सीटखाली एक ॲम्प मात्र खरंच होता. वरती मोठ्या अक्षरांत 1200 वॅट, आणि बाजूला फ्यूज 20 अँपिअरचा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 13.8 व्होल्ट असतात. 20 गुणिले 13.8 म्हणजे 276 वॅट, एवढीच वीज तो फ्यूज सतत आत येऊ देणार. तेवढ्यातून 1200 वॅट बाहेर कसे पडतील? खोक्यावरचा आकडा सोडून द्या, आरएमएस वॅट, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो ती खरी ताकद, विचारा आणि फ्यूज बघा.

पण त्याहून मला धडकी भरली ती वायर पाहून. बॅटरीपासून सीटपर्यंत जाड लाल वायर ओढली होती आणि बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. हा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, फूट-दीड फुटात असावा लागतो. ॲम्पवरचा फ्यूज फक्त ॲम्पला वाचवतो. मधल्या वायरचं आवरण घासून ती बॉडीला लागली तर बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून वाहतो आणि आग लागू शकते. मेकॅनिकनं ब्लेडनं वायरची तार खरवडली तर तांब्याचा मुलामा निघून आत पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. ॲल्युमिनियमची वीजवहनक्षमता तांब्याच्या साधारण 60 टक्के, त्यामुळे तेवढ्याच जाडीची वायर जास्त तापते. या गाडीत माझी आई मागच्या सीटवर बसून नाशिकला गेली होती. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

खरी बर्मेस्टर सिस्टीम नंतर बसवायची तर ते साधं काम नाही. स्वतंत्र ॲम्प्लिफायर, वेगळं वायरिंग, जादा स्पीकर आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कोडिंग (नवी सिस्टीम गाडीला ओळखता यावी म्हणून करायचं सेटिंग), एवढं सगळं लागतं. कोडिंग झाल्यावर साउंडच्या मेनूत सराउंडचा पर्याय दिसायला लागतो. माझ्या मेनूत काहीही बदललेलं नव्हतं. बऱ्याच जर्मन गाड्यांत तर हेड युनिट (डॅशबोर्डमधलं गाणी वाजवणारं मुख्य यंत्र) आणि ॲम्पमधला आवाज तांब्याच्या तारेतून जातच नाही, मोस्ट नावाच्या ऑप्टिकल फायबरवरून जातो. 2001 च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजपासून हे आहे. 'प्लग अँड प्ले' म्हणणारा माणूस यातलं काय आणि कसं जोडणार, हे त्याच्याकडून लेखी घ्या. प्रामाणिक इन्स्टॉलर अशा गाडीला बहुधा वेगळा रस्ता सुचवतो: मूळ हेड युनिट ठेवून डीएसपी (आवाज गाडीनुसार जुळवून घेणारी चिप) असलेला ॲम्प आणि चांगल्या मिडरेंज-ट्वीटरची जोडी, दारांना डॅम्पिंग (पत्र्याची थरथर थांबवणारा थर). त्याला बर्मेस्टरचं नाव लागत नाही, पण काम होतं. आणि तो तुमच्यासमोर पॅड उघडतो, जुने स्पीकर पिशवीत घालून डिकीत ठेवतो.

आता तक्रारीचं. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात खोटं वर्णन करून माल विकणं आणि बिल न देणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत येतात. म्हणजे 'पक्कं बिल नाही, आता काय करणार' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बिल न देणं हाच त्यांच्यावरचा आरोप होऊ शकतो. मी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानानं 'ग्राहकाचा गैरसमज' असं उत्तर दिलं. मग वकिलाची नोटीस, आणि आता पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात दाखल करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते. बनावट नाव लावून माल विकणं हा 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हाही आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पॅड उघडताना सलग व्हिडिओ काढला होता, त्यात गाडीचा नंबर, स्पीकरवरचा पार्ट नंबर आणि कपलर सगळं एकाच शॉटमध्ये आहे. मेकॅनिकनं लेखी रिपोर्ट दिला. तो लाल वायरचा तुकडा, एका टोकाला खरवडलेला, मी सीलबंद पाकिटात ठेवलाय.

तुमच्याकडे अशाच मजकुराचं हातबिल असेल, तर आधी एखाद्या भरवशाच्या मेकॅनिककडे जाऊन ती बॅटरीची वायर तपासून घ्या, गरज पडली तर तिथल्या तिथे काढून टाका. आवाजाचं नंतर बघता येईल. आणि तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे. यूपीआयचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, तो कागद, काहीही डिलीट करू नका.