दुर्बीण कुठल्या देशात बनली याने किती फरक पडतो? सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर दोन मोसम वापरून

सोलापुरात कुणी माझ्या गळ्यातली दुर्बीण बघितली की पहिला प्रश्न ठरलेला: "चायनाची आहे का ओ?" दुसरा प्रश्न किमतीचा. आतून कशी दिसते, हे क्वचितच कुणी विचारतं. दुर्बीण घेण्याआधी मीही हाच देशाचा प्रश्न घेऊन बरेच दिवस वाचत बसलो होतो, म्हणून आता हिवाळा आणि उन्हाळा असे दोन्ही मोसम वापरून झाल्यावर सविस्तर लिहितोय.

माझी दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं), रूफ प्रिझमची (प्रिझम म्हणजे आतली उलटं चित्र सुलटं करणारी काच, रूफमध्ये नळ्या सरळ असतात), ईडी काचेची (कडेच्या रंगीत रेघा कमी करणारी). कंपनी जपानी, पण खाली बारीक अक्षरांत 'मेड इन चायना'. किंमत पंचवीस हजारांच्या आतबाहेर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला बोलायचंय ते देशाबद्दल. नाव आलं की चर्चा त्या नावाभोवतीच फिरत राहते.

आलेला पहिला पीस मी परत केला. दिवसा गच्चीवरून बघितलं तर चित्र लख्ख होतं, पण दहा मिनिटांत कपाळ जड व्हायला लागलं. रात्री व्याधाचा तारा धरला. दोन्ही डोळ्यांनी बघताना तारा एकच दिसत होता. मग तारा नजरेत ठेवून दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून चार बोटं लांब नेली, तेव्हा त्या एका ताऱ्याचे दोन झाले, एकाखाली एक. म्हणजे दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या. जवळ धरल्यावर मेंदू ती दोन चित्रं ओढून एक करतो आणि त्या ओढाताणीने डोकं दुखतं. नळ्या आडव्या दिशेने थोड्या सरकलेल्या असल्या तर डोळे बरंचसं सांभाळून घेतात, वरखाली सरकलेल्या मात्र त्यांना फारच थोड्या झेपतात. विक्रेत्याने बदलून दिलेला पीस अगदी सरळ निघाला आणि तोच आजपर्यंत वापरतोय.

आता बघा, दोन्ही पीस एकाच मॉडेलचे, एकाच देशात बनलेले, खोकंही सारखंच. एक परत करण्याच्या लायकीचा, दुसरा दृष्ट काढावा असा. देशाने हा फरक कसा समजावणार? फरक पडला तो खोक्यात भरण्याआधी शेवटी कुणी किती बारकाईने तपासलं याने. तपासणीला पैसे लागतात. कंपनी कारखान्याला सांगते, की एवढ्या किमतीत बनवा, एवढी चूक चालेल, यापुढचा माल बाजूला काढा. तोच कारखाना एका कंपनीसाठी काटेकोर माल काढतो आणि दुसरीसाठी कसाबसा चालणारा.

आमचे दाजी मात्र हे मानायला तयार नव्हते. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची जुनी जपानी 7×35 आहे. "जपान ते जपान, पाव्हणं. चायनाच्या मालावर एवढे पैसे कशाला घालताय?" म्हटलं, दाजी, तुमची पण आणा, दोन्ही एकत्र बघू.

ती दुर्बीण हातात घेतली की आदर वाटतोच. काळं चामडं, धातूचं अंग, जुन्या पद्धतीच्या पोरो प्रिझममुळे रुंद खांदे. बिजागरीच्या टोकाला नखाएवढ्या जागेत 'जेबी' आणि पुढे एक आकडा कोरलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून दुर्बिणी ढिगाने बाहेर जायच्या. असंख्य छोटी वर्कशॉप, त्यांच्या मालावर परदेशी विक्रेत्यांची नावं. त्या काळात जपानी माल म्हणजे स्वस्त आणि बेभरवशाचा, असंच जग म्हणायचं. ते नाव पुसायला तिथे निर्यातीच्या मालाची तपासणी बसवली, पास झालेल्या दुर्बिणीवर सोनेरी लंबगोल चिकटपट्टी लागायची. आणि बॉडी कुठल्या कारखान्याची, हे त्या जेबी क्रमांकावरून ओळखायचं. आज आपण चीनबद्दल जे बोलतो, ते शब्दसुद्धा न बदलता त्या काळी जपानबद्दल बोललं जायचं. दाजींना हे सांगितलं तेव्हा ते आपल्या दुर्बिणीवरच्या त्या जुन्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवत बराच वेळ गप्प होते.

हिवाळ्यात आम्ही दोघं पहाटे नान्नजला जायचो. 1979 साली माळढोकासाठी जाहीर झालेलं हे अभयारण्य, पण माळढोक दिसणं आता नशिबाचीच गोष्ट. तरी माळ रिकामा नसतो. काळवीट असतात, चंडोल, धाविक असे पक्षी असतात आणि थंडीत भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. भोवत्याची मादी म्हणजे दुर्बिणीची खरी परीक्षा. माँटेग्यूचा भोवत्या आणि फिकट भोवत्या, दोघांच्या माद्या तपकिरी, दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. ओळखायचं ते चेहऱ्यावरून. फिकट भोवत्याच्या मादीला गालावरच्या गडद डागामागे मानेभोवती उजळ कॉलर असते. गवतावरून खाली-वर डुलत जाणाऱ्या पक्ष्याची ती कॉलर दिसायला दोन-तीन सेकंद मिळतात.

दोन्ही दुर्बिणींची तुलना इथे न्याय्य होती. 42 ला 8 ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर, 35 ला 7 ने भागलं की पाच. म्हणजे डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत दोन्हींचा जवळपास सारख्याच जाडीचा. तरीही सूर्य उगवायच्या आधी माझ्या दुर्बिणीत कॉलर दिसायची आणि दाजींच्या दुर्बिणीत करडा पक्षी तेवढा दिसायचा. याचं कारण देश नाही, वय. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो आणि दुर्बिणीत असे दहाहून जास्त पृष्ठभाग असतात. हा परतीचा प्रकाश कमी करणारा पातळ थर त्साइस या जर्मन कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये शोधला. दाजींच्या दुर्बिणीत एकेरी थर आहे, माझ्यात बहुस्तरीय. सूर्य समोर असताना तर फरक फारच जाणवतो, जुनीत सगळ्या चित्रावर दुधासारखा पदर चढतो.

पण ऊन वर आलं की दाजींची दुर्बीण काय खुलते! चित्राला खोली येते, पुढचं गवत आणि मागचं काळवीट वेगवेगळं उभं राहतं. पोरोमध्ये पुढची भिंगं एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे हे होतं. शिवाय पोरो प्रिझमला आरशाचा थर लागत नाही आणि रूफ प्रिझमला चित्र रेखीव राहायला लागतं ते फेज कोटिंगही (एक पातळ थर) लागत नाही. म्हणून बजेट पाच-सात हजारांचं असेल तर कुठल्याही देशाची पोरो घ्या, त्या किमतीतली रूफ घेऊ नका. त्या पैशात रूफ प्रिझम नीट बनवणं कुणालाच परवडत नाही. यावर मी ठाम आहे.

आता कंपन्यांचं बघू. 'जर्मन घ्या' म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, कुठली जर्मन? त्साइसची टेरा ईडी चीनमध्ये बनते, एसएफएल जपानमध्ये आणि व्हिक्टरी एसएफ जर्मनीत. लायकाचा पोर्तुगालमध्ये 1973 पासून कारखाना आहे. निकॉनची मोनार्क एम5 चीनची, मोनार्क एचजी जपानची. व्होर्टेक्स अमेरिकन, पण डायमंडबॅक एचडी चीनहून येते आणि रेझर यूएचडी जपानहून. स्वारोव्स्की ऑस्ट्रियातल्या अबसाममध्ये बनवते. यादी वाचून लक्षात येतं की एका कंपनीच्या आत देश म्हणजे किमतीची पायरी असते. चीन पहिली-दुसरी पायरी, जपान तिसरी, युरोप सगळ्यात वरची. त्या अर्थाने देशाचं नाव काहीतरी सांगतं खरं. पण ते सांगतं ते कंपनीने त्या मॉडेलवर किती खर्च करायचं ठरवलं याबद्दल. पंचवीस हजारांत जपानी शिक्का शोधत बसलात तर बहुतेक वेळा जुन्या आराखड्याची, साध्या काचेची वस्तू हाती येते आणि तेवढ्याच पैशातली चीनची ईडी तिला मागे टाकते. तेच, खिशात लाखभर असतील तर जपानचा शिक्का आपोआपच येईल, तो शोधावा लागणार नाही.

"आपल्याकडची नाही का?" असंही विचारतात. डेहराडूनच्या आयुध निर्माणीत सैन्यासाठी दुर्बिणी बनतात, 2021 पासून तो कारभार इंडिया ऑप्टेल या सरकारी कंपनीकडे आहे. मात्र पक्षी बघणाऱ्यांसाठी ईडी काचेची, फेज कोटिंगची देशी दुर्बीण माझ्या हाती अजून लागलेली नाही. लागली तर आनंदाने घेईन.

उन्हाळ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडे तीच खरी कसोटी. मार्चनंतर दहा वाजले की माळावर मृगजळ नाचायला लागतं. पाचशे पावलांवरचं काळवीट पाण्यात उभं असल्यासारखं हलतं. इथे काचेचा देश, किंमत, कोटिंग काही कामाचं नाही, हवाच उकळत असते. 10× मध्ये तर हलणंही तेवढं मोठं दिसतं, म्हणून सोलापूरकराने 8× घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाने फोकसच्या चाकातलं ग्रीस पातळ होतं. माझं चाक डिसेंबरच्या पहाटे जरा घट्ट फिरायचं, मे महिन्यात एका बोटाने सुळकन फिरतं. फार नाही, पण जाणवतं. दुर्बीण बंद गाडीत कधीच ठेवत नाही. 42-43 अंशांच्या दुपारी गाडीच्या आत काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. रबराचं आवरण अजून चिकट झालेलं नाही, कुठे सुटलेलंही नाही.

धुळीच्या बाबतीत माझी बंद नळ्यांची, नायट्रोजन भरलेली दुर्बीण फार उजवी ठरली. दाजींच्या दुर्बिणीत फोकस फिरवला की मागची भिंगं पुढे-मागे सरकतात आणि प्रत्येक वेळी थोडी हवा आत ओढली जाते, हवेबरोबर आपली काळ्या मातीची धूळही. मागे एकदा पुण्याच्या एका कारागिराकडून ती उघडून प्रिझम साफ करून घ्यावे लागले होते. भिंग पुसताना आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, मग कापड. सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी तो भिंगाला लावू नका.

फेब्रुवारीत हिप्परग्याच्या तलावावर पट्टकदंब हंस बघितले. डोक्यावरचे दोन काळे पट्टे काठावरून सहज मोजता आले. पांढऱ्या डोक्याच्या कडेला जांभळी रेघ उमटते का, हे मी मुद्दाम बघत होतो. मध्यभागी अजिबात नव्हती, चित्राच्या अगदी कडेला किंचित होती. चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसतं, हे माझ्यासारख्याला फार महत्त्वाचं. दाजींच्या दुर्बिणीत चष्मा लावून अर्धंच चित्र दिसतं.

देशाचा प्रश्न खरोखर कुठे येतो ते सांगतो: दुरुस्तीला. वस्तू कुठे बनली यापेक्षा ती भारतात कुणी आणली, हे बघा. आयात मालाच्या खोक्यावर मूळ देश, आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किंमत छापणं वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. खोक्यावर ही माहिती नसेल तर माल बाहेरच्या वाटेने आलाय असं समजा. एका मित्राच्या भाच्याने परदेशातून उत्तम जपानी दुर्बीण आणली. इथे आपटून नळी हलली, तर इथल्या केंद्राने वॉरंटी मानली नाही, दुर्बीण परत त्याच देशात पाठवा म्हणाले. जाण्या-येण्याचा खर्च आणि कस्टम धरून ती कपाटातच पडून आहे.

जत्रेत, पर्यटनाच्या ठिकाणी लाल काचेच्या, '30×60' छापलेल्या दुर्बिणी मिळतात. कुणी त्यांना रशियन म्हणतं, कुणी मिलिटरीची. त्यांची परीक्षा सोपी आहे. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा, मागच्या भिंगात उजेडाचा गोल दिसेल. खरी 30×60 असेल तर तो गोल बरोबर 2 मिलिमीटरचा असायला हवा. पट्टी लावून बघा, आकडा खोटा निघतो. तोच गोल चांगल्या दुर्बिणीत पूर्ण वाटोळा असतो. कडेला करड्या सावल्या पडून तो चौकोनी दिसत असेल तर प्रिझमची काच हलक्या प्रतीची आहे. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंबही बघा: हिरवट-जांभळं आणि मंद हवं, पांढरं लख्ख दिसलं तर त्या काचेवर थरच नाही.

सोलापुरात चांगल्या दुर्बिणी हाताळून बघायची सोय मला तरी मिळाली नाही. जमलं तर पुण्याला दुकानात जाऊन त्याच मॉडेलचे दोन-तीन पीस मागा आणि त्यातला एक निवडा. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत वाचून घ्या, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि त्याच रात्री गच्चीवर जाऊन ताऱ्याची परीक्षा करा. ढग असतील तर लांबच्या टॉवरवरचा लाल दिवा चालतो. दाजींनी मागच्या महिन्यात पुतणीसाठी दुर्बीण मागवली, माझ्याच मॉडेलची. तारा एकच राहिला, पीस ठेवून घेतला.