फॉस्फो-पी३८ अँटीबॉडी: ताळगावच्या प्रयोगशाळेतून दोन पावसाळ्यांनंतरचे मत

पी३८ या ताण-सक्रिय कायनेझचे (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या विकराचे) सक्रिय रूप ओळखणारी ही अँटीबॉडी आम्ही दोन पावसाळे वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिने आकारानुसार वेगळी करून पट्टीच्या रूपात ओळखण्यासाठी) वापरत आहोत. पेशीला अतिनील किरणांचा मारा बसला किंवा दाहाचे संकेत मिळाले की एमकेके३ आणि एमकेके६ ही कायनेझे पी३८ च्या १८०व्या स्थानावरील थ्रिओनिन आणि १८२व्या स्थानावरील टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढवतात, आणि ही अँटीबॉडी तीच दुहेरी खूण शोधते. या दोन जागांच्या मधोमध पी३८ मध्ये ग्लायसिन असते, तर जेएनके या भावंड कायनेझात प्रोलिन. फरक इतका बारीक असूनही अनिसोमायसिन हे ताण देणारे रसायन दिलेल्या पेशींत आम्हाला ४० किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचे एकक) जवळ एकच स्वच्छ पट्टी मिळाली आणि जेएनकेच्या ४६ व ५४ किलोडाल्टनच्या जागा कोऱ्या राहिल्या. ब्लॉकिंगसाठी (पटलावरच्या मोकळ्या जागा आधी झाकण्यासाठी) मात्र दूध पावडर टाळावी, कारण दुधातील केसिन स्वतःच फॉस्फेटयुक्त असते. अल्ब्युमिन वापरल्यावर ब्लॉटची पार्श्वभूमी लगेच निवळली.

खरी सावधगिरी निष्कर्ष काढताना हवी. एसबी २०३५८० हे अवरोधक एटीपी या फॉस्फेट पुरवणाऱ्या रेणूची जागा अडवून पी३८ चे काम थांबवते, पण वरच्या कायनेझांनी चढवलेला फॉस्फेट उतरवत नाही. त्यामुळे औषध दिल्यावरही पट्टी गडदच दिसते आणि नवखा विद्यार्थी औषध निकामी ठरवून बसतो. औषधाचा परिणाम पाहायचा असेल तर पी३८ च्या पुढच्या साखळीतील एमके२ किंवा एचएसपी२७ या प्रथिनांवरील फॉस्फेट तपासावा. पट्टी गडद झाली म्हणून कर्करोग वाढतो की आवरतो, हेही त्यावरून ठरत नाही. यकृतातून पी३८ अल्फा हा प्रकार काढून टाकलेल्या उंदरांत रासायनिक कर्करोगकारकाने अधिक गाठी होतात, तर रुजलेल्या गाठींत हेच प्रथिन पेशींना तग धरायला मदत करू शकते. दाहात ते एमके२ मार्फत टीएनएफ या दाहकारक प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए टिकवून धरते, तरीही संधिवातावरील चाचण्यांत अवरोधकांनी सीआरपी हे रक्तातील दाहदर्शक प्रथिन काही आठवडेच खाली आणले आणि यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आल्या. एकटी गडद पट्टी इतके कमी सांगते, म्हणून प्रत्येक ब्लॉटसोबत एकूण (फॉस्फेट असलेले आणि नसलेले) पी३८ मोजणे मला अपरिहार्य वाटते.

ग्लिसरॉलमुळे उणे २० अंशांवरही ही अँटीबॉडी गोठत नाही, त्यामुळे ती वारंवार गोठवून वितळवावी लागत नाही. वितरकाने मात्र जुलैत एक पेटी विरघळलेल्या बर्फासह पोहोचवली आणि बदलून देण्यास तीन आठवडे लावले. तरीही आम्ही हीच अँटीबॉडी पुन्हा मागवली आहे, या वेळी एकूण पी३८ ओळखणारीसह.